रिकाम्या चौकटी

रिकामेपणाविषयी आपल्या भाषेत मुळीच आदर नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो. रिकामा पाळणा हालवू नये. रिकाम्या हाताने कोणाच्या घरी जाऊ नये. आणि शेजारणीची वाटी तर रिकामी परत करूच नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे यादीतील रिकाम्या जागा काढून टाकण्यासाठी संगणकाच्या भाषेत एक तयार चाळणी असते, ह्याचे कोणास नवल वाटावयास नको. जेथे केर तेथे केरसुणी असावयाचीच. परंतु गेले वर्षभर आमच्या घरात वंशावळीचे जे काम चालले आहे त्याच्या निमित्ताने ह्या चाळणीचा मला बराच निकट परिचय झाला, आणि तिच्याविषयी चार शब्द लिहावे असे वाटू लागले. आज घरोघरी कोणी ना कोणी तरुण मुलगा अथवा मुलगी संगणकावर काम करीत असते, आणि पुष्कळ घरांतून जुन्या वंशावळी त्या यंत्रात उतरविण्याचा उद्योगही चालू आहे. तेव्हा हा विषय केवळ यंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

आमच्या नऊ पिढ्यांची माहिती आजवर चार ठिकाणी विखुरलेली होती. आजोबांच्या मोडी बाडांत काही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीवरून उतरून आणलेल्या कागदांत काही. छापील कुलवृत्तांतात काही. आणि राहिलेली सर्व घरातील बायकांच्या तोंडी. माझी पुतणी इंजिनियर आहे. तिने हे सारे एका कोष्टकात आणण्याचे मनावर घेतले. प्रत्येक व्यक्तीस एक ओळ. आणि त्या ओळीत नाव, वडील, आई, विवाह कोणाशी झाला, जन्म, मृत्यू आणि अपत्ये किती, अशा चौकटी. जेथे माहिती मिळाली नाही तेथे चौकट रिकामी राहिली. मी वाचून दाखवावे व तिने लिहून घ्यावे, असा आमचा दोन महिने क्रम होता. संध्याकाळी आमच्या आत्याबाई शेजारी येऊन बसत. त्यांचे वय आज अठ्ठ्याऐंशी आहे, आणि कोणत्याही छापील वृत्तांतापेक्षा त्यांच्या स्मरणावर माझा अधिक विश्वास आहे.

कोष्टक पुरे झाल्यावर ते स्वच्छ करण्याचा दिवस आला. त्यासाठी पुतणी जी भाषा वापरते तिचे नाव पायथन. गिडो व्हान रॉसम ह्या डच गृहस्थाने ती १९९१ साली प्रसिद्ध केली. नावाचा अजगराशी काही संबंध नाही. विलायतेतील एका विनोदी नटमंडळीच्या नावावरून ते घेतलेले आहे. ह्या भाषेत 'फिल्टर' नावाची एक क्रिया आहे. तिला एक कसोटी आणि एक यादी द्यावयाची. ती यादीतील प्रत्येक घटक कसोटीस लावते. जो उतरेल त्यास ठेवते, जो न उतरेल त्यास सोडून देते. कसोटीच्या जागी 'नन' असा शब्द लिहिला (ह्याचाही ख्रिस्ती जोगिणींशी संबंध नाही, 'काहीच नाही' हा त्याचा त्या भाषेतील अर्थ), तर ती निराळी कसोटी न लावता प्रत्येकाला एवढेच विचारते, की तू खरा की खोटा? आता खोट्यांच्या रांगेत कोण कोण बसतात पाहा. स्वतः 'नन', एकही अक्षर नसलेला शब्द, रिकामी यादी, असत्य, आणि ह्या सर्वांबरोबर शून्य! उलट माहिती नसेल तेथे आडवी रेघ मारण्याची आजोबांना सवय होती, ती रेघ मात्र खरी ठरते, कारण ती एक अक्षर आहे. चौकटीत चुकून नुसती एक मोकळी जागा टाइप झाली असेल, तर तीही खरी. म्हणजे जी केवळ अज्ञानाची खूण ती रेघ चाळणीत राहते, आणि जे निश्चित ज्ञान ते शून्य खाली गळते.

शून्य हे ज्ञान आहे, ह्यावर मी थोडा भर देतो. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये आपल्या ब्रह्मस्फुटसिद्धान्तात शून्याच्या बेरजेचे व वजाबाकीचे नियम सांगितले, तेव्हापासून शून्य हे इतर संख्यांच्या पंक्तीला बसलेले आहे. शाळेतील कोणत्याही शिक्षकास हा भेद गुणपत्रक करताना कळतो. पाच मुलांपैकी तिघांना आठ, सहा व दहा गुण मिळाले, चौथ्याला शून्य मिळाले आणि पाचवा तापाने घरी राहिला. परीक्षेस बसलेल्या चौघांची सरासरी सहा. चाळणीने शून्यही काढून टाकले, तर सरासरी आठ होते आणि वर्ग उगाच हुशार ठरतो. गैरहजर मुलाचे शून्य धरले, तर ती पाचाच्याही खाली येते आणि वर्ग उगाच मठ्ठ ठरतो. पहिल्या वेळी शून्याला रिकामे मानले, दुसऱ्या वेळी रिकाम्याला शून्य मानले. दोन्ही हिशेब खोटे. आमच्या कोष्टकात तिसऱ्या पिढीतील एका जोडप्यापुढे अपत्यांच्या चौकटीत आजोबांनी स्पष्ट शून्य लिहिलेले होते. त्यांनी दत्तकही घेतला नाही. ते शून्य लिहिण्यासाठी कोणीतरी कधीतरी चौकशी केली असली पाहिजे. दर पिढीस सरासरी किती मुले होती हे काढताना चाळणीने त्या दोघांना वगळले, आणि आमचे घराणे होते त्याहून अधिक लेकुरवाळे दिसू लागले.

दुसरी गंमत जागा सरकण्याची. पुतणीने एकदा नवऱ्यांची एक यादी आणि बायकांची एक यादी अशा दोन निराळ्या याद्या काढल्या, बायकांच्या यादीतील रिकाम्या जागा गाळल्या, आणि मग दोन्ही याद्या जोडून जोडपी केली. वरच्या पिढीतील एक नाव ठाऊक नव्हते. ती जागा गळताच खालच्या सर्व बायका एकेक पायरी वर सरकल्या. परिणाम असा झाला, की प्रत्येक सून आपल्या सासऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली! घरात हसू आवरेना. शिवाय दोन याद्यांची जोडणी करणारी क्रिया आखूड यादी संपली की थांबते, आणि थांबल्याचे सांगत नाही. त्यामुळे शेवटच्या पिढीतील धाकटी पाती मुकाट्याने गळून पडली. त्यांत पुतणीचा स्वतःचा भाऊही होता. तो अजून तिला त्यावरून चिडवितो.

जुन्या यादीतूनच चालता चालता रिकामी जागा उपटली, तर आणखी एक घोटाळा होतो. तो मला पंगतीच्या उदाहरणाने चटकन समजला. वाढपी तूप वाढीत चालला आहे. त्याने तिसऱ्या पानावरच्या माणसास उठविले, तसे पुढचे सगळे एकेक पान अलीकडे सरकले. वाढप्याचे पाऊल मात्र ठरल्याप्रमाणे चौथ्या पानापुढे पडले. आता तिसऱ्या पानावर जो सरकून आला त्याच्याकडे कोणी पाहिलेच नाही. म्हणून दोन रिकाम्या जागा लागोपाठ असल्या, की पहिली जाते आणि दुसरी तशीच राहते. जुनी यादी जागच्या जागी न मोडता ठेवावयाच्या गोष्टींची नवी यादी करावी, हा ह्यावरचा उपाय. तो सोपा आहे आणि पुतणीला तो ठाऊक होता.

हे सर्व दोष हिशेबाचे. ते दिसले की दुरुस्त होतात. परंतु एका संध्याकाळी जे झाले ते निराळे होते. नावाची चौकट रिकामी असलेल्या सर्व ओळी पुतणीने चाळणीतून काढल्या, आणि उरलेली यादी छापून आत्याबाईंना वाचून दाखविली. पणजोबांच्या नावाशी येताच आत्याबाईंनी तिला थांबविले.

"थोरल्या कुठे आहेत?"

"आत्याआजी, त्यांचं नाव नाही ना कुठे. म्हणून ती ओळ गेली."

"मग नवमीला आपण पान कोणाचं वाढतो?" एवढे विचारून आत्याबाई गप्प बसल्या.

वाचकांस सांगितले पाहिजे, की पणजोबांचे दोन विवाह झाले होते. प्रथम पत्नी सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी बाळंतपणात वारल्या. ते मूल जगले. तेच आमचे आजोबा. दुसऱ्या पत्नीने त्यांना पोटच्या मुलाप्रमाणे वाढविले, आणि तिचे नाव एका खरेदीखतात असल्यामुळे कोष्टकातही आले. पहिलीचे नाव कोणत्याच कागदात सापडत नाही. घरात त्यांना 'थोरल्या' एवढेच म्हणतात, आणि दर वर्षी भाद्रपद वद्य नवमीस, म्हणजे अविधवा नवमीस, त्यांच्या नावाने (नाव नसताही 'नावाने' असेच आपण म्हणतो) सवाष्ण जेवू घालतात. छापलेल्या यादीत त्या नव्हत्या. आजोबांच्या आईच्या चौकटीत काय घालावे हे यंत्राने ठरविले नव्हते. परंतु पणजोबांची एकच पत्नी उरल्यामुळे वाचणारा कोणीही दुसरीलाच त्यांची आई समजला असता. आम्ही सर्व ज्यांच्या पोटच्या वंशातले, त्या एका चौकटीच्या रिकामेपणामुळे वंशावळीतून गेल्या होत्या. मग पुतणीने गळालेल्या ओळी पुन्हा काढून पाहिल्या. त्यांत पुरुष जवळजवळ नव्हतेच. बायका होत्या आणि बारशापूर्वी गेलेली मुले होती. चाळणीला स्त्रीपुरुषभेद ठाऊक नाही हे खरे; तो ज्यांनी कागद लिहिले त्यांना ठाऊक होता, आणि चाळणीने त्यांचेच काम पुरे केले.

येथे मला तर्कसंग्रह आठवला. अन्नंभट्टाचे हे लहानसे पुस्तक संस्कृत शिकलेल्यांपैकी बहुतेकांच्या हातून गेलेले असते. त्यात अभाव हा एक स्वतंत्र पदार्थ मानून त्याचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि नैयायिकांचा आग्रह असा, की अभाव हा नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव तो त्याचा प्रतियोगी. घागरीचा अभाव, वस्त्राचा अभाव असे म्हणता येते; नुसता अभाव असे काही नसते. आमच्या कोष्टकातील कोऱ्या चौकटी दिसावयास सारख्या. परंतु ह्या दृष्टीने पाहिल्या तर एकीचे दुसरीशी साम्य नाही. धाकट्या पुतण्याला त्याच महिन्यात मुलगी झाली होती आणि तिचे बारसे व्हावयाचे होते. तिच्या नावाचा हा प्रागभाव. नाव अजून यावयाचे आहे. ह्याची सोय सरकारी दप्तरातही आहे. १९६९ च्या जन्म व मृत्यू नोंदणी कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे बालकाच्या जन्माची नोंद नावावाचून होऊ शकते आणि नाव मागाहून भरता येते. थोरल्यांच्या नावाचा प्रध्वंसाभाव; नाव होते, हाक मारली जात होती, पुढे ते नाहीसे झाले. शिरोळ तालुक्यात आमच्या चुलत घराण्याकडे जुने दप्तर होते, ते ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाण्याखाली गेले. त्या दप्तरातील नावांचीही हीच गत. जी मुले बाराव्या दिवसापूर्वी गेली त्यांना नाव कधी मिळालेच नाही. त्यांच्या ठिकाणी मी अत्यंताभाव लिहितो. शास्त्रीमंडळी ह्यावर हरकत घेतील, पण घरच्या कामापुरते ते चालावे. आणि सून सासऱ्याशेजारी उभी राहिली, त्या वेळी जो आमच्या दृष्टीआड झाला तो अन्योन्याभाव, म्हणजे ही ती नव्हे हा भेद.

पाश्चात्त्य पंडितांनाही ही अडचण जाणवली आहे. माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत ठेवण्याची आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत एडगर कॉड ह्यांनी १९७० साली मांडली. तीत अज्ञात चौकटीस 'नल' म्हणतात. एक नल दुसऱ्या नलाशी बरोबर आहे काय असे त्या पद्धतीच्या एसक्यूएल ह्या भाषेत विचारले, तर उत्तर होय असेही येत नाही आणि नाही असेही येत नाही. ठाऊक नाही, असे येते. मला हे फार शहाणपणाचे वाटते, कारण दोन निनावी बायका म्हणजे एकच बाई नव्हे. पायथनमध्ये मात्र एक 'नन' दुसऱ्या 'नन'शी बरोबर असतो. म्हणून नावावरून दुबार नोंदी काढावयास जावे, तर सगळ्या निनावी बायकांची मिळून एकच बाई होते. पुढे १९९० च्या आपल्या ग्रंथात कॉड ह्यांनी नलाचे दोन प्रकार करावे असे सुचविले: एक, गोष्ट लागू आहे परंतु ठाऊक नाही, दुसरा, ती लागूच नाही. चार नाही तरी दोन झाले. पण व्यवहारात एकच नल चालू राहिला.

आपल्या धर्मकृत्यांत ह्या बाबतीत अधिक काळजी घेतलेली दिसते. श्राद्धतर्पणात गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप गोत्राचा उच्चार करावा, नाव ठाऊक नसेल तर नात्याचा उच्चार करून काम चालवावे, अशी सोय आहे. संगणकवाले कोऱ्या चौकटीत जे ठरावीक मूल्य भरतात त्याच जातीची ही युक्ती. तिच्यात धोकाही तोच आहे. चार पिढ्यांनी ती चौकट वाचणारा आम्हांला खरोखरीच काश्यपगोत्री समजेल. म्हणून भरलेले आणि ठाऊक असलेले ह्यांत खूण करून ठेवावी लागते. आणि तर्पणाच्या शेवटी, ज्यांना मागे कोणी नाही आणि ज्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत, त्यांनाही पाणी सोडतात. नाव नाही म्हणून पाणी नाही, असा विचार त्या विधीत कोठेही नाही.

चाळणीला दोष देण्याचे मात्र कारण नाही. कोष्टक टाइप करताना दोनदा कळ दाबली गेल्याने उमटलेल्या कोऱ्या ओळी, नावांच्या ओळीत दोन स्वल्पविराम जवळजवळ पडल्याने मधे उत्पन्न झालेले निरक्षर शब्द, पानाच्या तळाशी राहिलेल्या मोकळ्या रांगा, हा खराखुरा केर. त्यांना प्रतियोगी नाही. त्या कोणाच्याही नसण्याने झालेल्या नाहीत. त्या गाळाव्याच. आता आमच्या कामात नियम असा ठरला आहे, की प्रथम चौकटीच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढावयाच्या, आजोबांच्या रेघांना त्यांचा अर्थ द्यावयाचा, आणि मगच चाळणी लावावयाची. तीही 'तू खरा की खोटा' ह्या प्रश्नाची नव्हे, तर 'तू नन आहेस काय' एवढ्याच प्रश्नाची, म्हणजे शून्य सुखरूप राहते. मूळ कोष्टकातील एकही ओळ काढावयाची नाही. जी गाळणी करावयाची ती त्या त्या कामापुरत्या नव्या यादीत. प्रत्येक व्यक्तीला पुतणीने एक अनुक्रमांक दिला आहे, आणि आई, वडील, पती, पत्नी हे सारे संबंध आता नावावर नसून त्या अंकावर आहेत. आजोबांच्या आईच्या चौकटीत थोरल्यांचा अंक आहे. शिवाय एक चौकट नवी वाढविली आहे: नाव का नाही? तीत 'व्हावयाचे आहे', 'होते, गेले' आणि 'नव्हतेच' ह्यांपैकी एक लिहितात. पुतणीला प्रागभाव वगैरे शब्द आवडले होते, पण पुढच्यांना कळावे म्हणून तिने साधेच ठेवले. तिचे बरोबर आहे.

ह्या नव्या चौकटीचा एक अनपेक्षित उपयोग झाला. 'होते, गेले' असे लिहिलेल्यांची निराळी यादी निघाल्यामुळे शोध कोणाचा करावयाचा हे कळले. पूर्वी सर्व कोऱ्या जागा सारख्याच निराशेच्या वाटत. ती यादी हातात घेऊन आत्याबाईंनी विचारले, भांडी पाहिलीत का? कागदांत नसलेली बायकांची नावे भांड्यांवर असतात, हे आम्हां पुरुषांच्या ध्यानातच आले नव्हते. रुखवतातले तांबे, मुंजीतली ताम्हने, हळदीकुंकवाच्या वाणातल्या वाट्या, ह्यांच्या काठावर कोणी कोणास दिले ते कोरलेले असते. दिवाळीपूर्वी माळ्यावरचे एक पिंप उघडले. एका तांब्याच्या गंगाळाच्या काठाखाली, चिंचेने घासल्यावर, आजोबांच्या चुलत भावजयीचे नाव स्पष्ट वाचता आले. तिची चौकट सत्तर वर्षे कोरी होती. नाव पुतणीने भरले, आणि शेऱ्यात 'गंगाळावरून' असे लिहिले.

थोरल्यांचे नाव अद्याप सापडलेले नाही. माळ्यावर आणखी दोन पिंपे आहेत.